दर सव्वातीन इंचाला चुकणारा टाका: लाँगआर्मवरच्या एका गोधडीचं प्रकरण

फेब्रुवारीत एका मैत्रिणीची क्विल्ट माझ्याकडे आली. क्विल्ट म्हणायचं आपलं, होती गोधडीच. तिच्या आईच्या सुती साड्या, काही अगदी विरलेल्या, काही नुसत्या ठेवून ठेवून पिवळ्या पडलेल्या, त्यांचे चौकोन कापून तिने घरच्या मशीनवर जोडले होते आणि वरचा थर तयार करून आणून दिला होता. आकार ७२ बाय ८४ इंच. माझं काम फक्त तीन थर एकत्र शिवायचं, म्हणजे वरचा थर, मधलं कापसाचं बॅटिंग आणि खालचं अस्तर. माझा दर चौरस इंचाला अडीच सेंट, ६०४८ चौरस इंचाचे दीडशे डॉलर होतात, मी नको म्हणत होते पण ती ऐकेना, आणि नंतर जे झालं त्यावरून वाटलं बरं झालं आधी घेतले नाहीत.

आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो, माझं लाँगआर्म, म्हणजे गोधड्या शिवायचं मोठं मशीन, बेसमेंटमधे आहे. सेकंडहँड घेतलेलं, १० फुटी फ्रेम, १८ इंचाचा गळा (सुईपासून मशीनच्या मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा). ज्या बाईंकडून घेतलं त्यांनी गुडघ्यांमुळे काम बंद केलं होतं आणि मशीन त्यांच्या गॅरेजमधे झाकून पडलं होतं. हे गॅरेज लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

ज्यांनी लाँगआर्म बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. घरच्या मशीनवर मशीन एका जागी असतं आणि कापड सरकतं, खालचे दाते कापडाला पुढे ढकलतात म्हणून टाका सारखा पडतो. लाँगआर्मला हे उलटं. कापड फ्रेमवर रोलरना ताणून लावलेलं असतं, ते हलत नाही, मशीनच चाकांवर फिरतं आणि आपण हँडल धरून त्याला फिरवायचं, खडूने पाटीवर लिहितो तसं. दाते वगैरे काही नाहीत. मग टाका सारखा कसा पडणार, हात कधी जोरात जातो कधी हळू. पूर्वी तो अंदाज हातालाच यावा लागायचा. आता रेग्युलेटर असतो. मशीन किती सरकलं हे मोजायला दोन छोटी चाकं असतात, त्यांना एन्कोडर जोडलेले, एक डावी-उजवी हालचाल मोजतो आणि दुसरा पुढे-मागे. मशीन इंचाचा दहावा भाग सरकलं की रेग्युलेटर सुईला सांगतो मार टाका. हात जोरात गेला तर मोटर जोरात, हात थांबला तर सुई थांबली. इंचाला १० टाके लावले असतील तर एक टाका साधारण अडीच मिलिमीटरचा.

तर तिसऱ्या ओळीत मला दिसलं की टाके सारखे नाहीत. ओळ म्हणजे, एका वेळी साधारण १२-१३ इंच उंचीचा पट्टा समोर असतो, तो झाला की कापड गुंडाळून पुढचा पट्टा घ्यायचा. नक्षी साधीच होती, वेलांट्यांसारखी वळणं, ती सगळीकडे फिरवत न्यायची. वरून बघितलं तर दहा-बारा टाके छान, मग एखादा तांदळाच्या दाण्याएवढा लांब, मग परत छान. आणि खालून हात फिरवला तर वळणांवर दोऱ्याच्या बारीक बारीक पापण्या लागत होत्या, एका ठिकाणी तर दोन इंच खालचा दोरा नुसता सरळ पडला होता, ओढला की सुटून हातात.

आता इथून पुढचे चार दिवस मी जे केलं ते कुणी करू नये म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू. शिवण बिघडली की हात आपोआप तिकडेच जातो, मला वाटतं हे आपल्या रक्तातच आहे. वरचं टेन्शन अर्धा फेरा घट्ट केलं, पापण्या जरा कमी झाल्या, मला वाटलं जमलं. अजून पाव फेरा. मग दोरा तुटायला लागला. मग बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा स्क्रू सैल केला. मग दोरा बदलला. मग मला वाटलं विरलेल्या साड्यांना ११०ची जाड सुई भोकं पाडतेय म्हणून ९०ची बारीक लावली, आणि मग तर टाके सुटायलाच लागले. मग तेल दिलं, बॉबिनच्या घरातला कचरा काढला (तो होता, भरपूर होता, पण त्याचा संबंध नव्हता). प्रत्येक बदलाने काहीतरी थोडं वेगळं व्हायचं आणि मी म्हणायचे हां आता दिशा सापडली. चौथ्या दिवशी रात्री माझ्या मशीनवर मूळची एकही सेटिंग उरली नव्हती आणि टाका पहिल्यापेक्षा वाईट होता. ओळखीतल्या एकीने सांगितलं हुकचं (खालून दोरा पकडतो तो भाग) टायमिंग गेलं असणार, मेकॅनिकला फोन केला तर तीन आठवड्यांनी येतो म्हणाला.

रात्री ९ला मिरजेला आईला व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळचे साडेसात, तिचा चहा चालू. आईने तीस वर्षं पायमशीनवर ब्लाउज शिवलेत. लाँगआर्म तिने फक्त फोनवर बघितलंय आणि तिचं मत असं की एवढ्या मोठ्या सांगाड्याला एकच सुई म्हणजे चेष्टाच आहे. फोन टाक्याजवळ नेऊन दाखवला.

"हा टाका लांब आहे का सैल आहे?" आईने विचारलं.

मी म्हटलं, तेच ना, एकच झालं.

"एकच कसं होईल गं? सैल टाका नखाने उचलला तर उचलतो. हा बघ बरं उचलतोय का."

नाही उचलला. कापडाला घट्ट चिकटून होता, नुसता लांब.

"मग त्याच्या पोटात भोक आहे का बघ. सुई गेली आणि दोरा धरला नाही, का सुई गेलीच नाही?"

एवढंच विचारून ती गॅसवरचं दूध बघायला उठली. मी भिंग घेऊन बसले आणि मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू, कारण चार दिवस मी एकाच बिघाडाच्या मागे आहे असं धरून चालले होते आणि कापडावर दोन वेगवेगळे प्रकार समोर दिसत होते. काही लांब टाक्यांच्या मधोमध रिकामं भोक होतं. म्हणजे सुई वेळेवर खाली गेली, पण खाली हुकने दोऱ्याचा फास पकडलाच नाही, टाका सुटला. आणि काही लांब टाक्यांखाली कापड कोरं. म्हणजे सुई तिथे उतरलीच नाही, मशीन तेवढं पुढे गेलं आणि रेग्युलेटरला ते कळलंच नाही. पहिल्याला कारण सुई, दोरा, हुक, कापडाची उंची असलं काहीतरी. दुसऱ्याचा दोऱ्याशी काडीचा संबंध नाही, टेन्शन जन्मभर फिरवत बसा.

आधी दुसरा प्रकार घेतला, कारण तो मोजता येत होता. दोरा पूर्ण काढून टाकला, वरचाही आणि बॉबिनचाही. मुलाच्या गणिताच्या वहीतले चौकटीचे कागद फाडले आणि गोधडीच्या बाजूला बॅटिंगची जी जास्तीची पट्टी असते तिच्यावर टाचणीने लावले, आणि नुसत्या सुईने कागदावर रेघा मारल्या. हा प्रयोग मला फार आवडला. कागदावर फक्त भोकं पडतात, दोरा नाही, ताण नाही, फास नाही, रेग्युलेटर काय करतोय ते आणि तेवढंच दिसतं. शिवाय कागद हातात घेऊन दिव्यासमोर धरला की भोकं चमकतात, मोजायला एकदम सोपं. (कागदाने सुई बोथट होते, म्हणून जुनी सुई लावायची आणि नंतर फेकून द्यायची.)

वहीतलं जसंच्या तसं उतरवते:

डावीकडून उजवीकडे, हळू, ५ इंचात ५० भोकं. जोरात, ५०. उजवीकडून डावीकडे, ५०, ५१. एकदम मस्त.

माझ्याकडून पलीकडे, हळू. बरीच सारखी, मग एक मोकळी जागा पाव इंचाची. परत सारखी. परत मोकळी जागा. जोरात केलं तरी तेच. पलीकडून माझ्याकडे, तेच.

दोन मोकळ्या जागांमधलं अंतर, सव्वातीनच्या जरा आत. दुसऱ्या रेघेत ३ आणि एक अष्टमांश. तिसऱ्या रेघेत तेवढंच.

तिरकी रेघ, मोकळी जागा अशी नाही, पण दर साडेचार इंचाच्या आसपास एखाददुसरा टाका साडेतीन मिलिमीटरचा.

वेगाने फरक पडत नाही आणि अंतर दर वेळेला तेच, हे बघितल्यावर माझ्या अंगावर काटा आला. दोरा किंवा ताण बिघडला तर तो असा शिस्तीत बिघडत नाही. ठरावीक अंतराने काही होत असेल तर तिथे काहीतरी गोल फिरतंय आणि दर फेऱ्याला एकदा अडखळतंय. सायकलच्या चाकाला डांबराचा गोळा चिकटला की टक, टक, टक होतं तसं. आणि ते फक्त पुढे-मागे होतंय, म्हणजे पुढे-मागे मोजणारं चाक. तिरक्या रेघेचं कोडं मला सुटलं नव्हतं, ते नवऱ्याने जिन्यात उभं राहून सोडवलं, पंचेचाळीस अंशात गेलं तर चाकाचा एक फेरा व्हायला रेघ १.४१ पट लांब लागणार, ३.१४ गुणिले १.४१ म्हणजे ४.४, आणि त्या वेळी डावी-उजवी मोजणारं चाक तर बरोबर मोजतच असतं, त्यामुळे सुई पूर्ण थांबत नाही, नुसती उशिरा पडते. म्हणून वळणांच्या नक्षीत मला कुठे मोठा टाका, कुठे मध्यम, कुठे काहीच नाही असं दिसत होतं आणि मी त्याला "कसंही होतंय" म्हणत होते. कसंही नव्हतं होत. तो वर "३.१४ बघून तुला काहीच आठवलं नाही का" असंही म्हणाला, ते सोडून देऊ.

मशीन बंद करून, प्लग काढून, मागचं छोटं चाक खोललं. व्यास बरोबर १ इंच. म्हणजे परीघ ३.१४. चाकावर काळ्या रबराची ओ-रिंग असते, ती रुळावर घासून चाक फिरवते. बोट फिरवलं तर एका जागी ती रिंग चपटी आणि गुळगुळीत झाली होती, काचेसारखी चकाकत होती, साधारण चार मिलिमीटर, आणि तिथेच बारीक चीर. चार मिलिमीटर म्हणजे इंचाचा सहावा भाग. नेहमीचा टाका इंचाचा दहावा भाग, दोन्ही मिळून पाव इंचाच्या आसपास. म्हणजे मोकळी जागा पाव इंचाचीच का, त्याचाही हिशोब लागला. तो चपटा भाग खाली आला की रबर रुळाला धरत नाही, मशीन सरकतं, चाक तिथेच, रेग्युलेटरला वाटतं बाई थांबली.

माझा अंदाज असा की गॅरेजमधे मशीन वर्षानुवर्षं एकाच जागी उभं होतं, चाकाचा तोच भाग रुळावर दाबला गेलेला, त्यात ओहायोचे उन्हाळे-हिवाळे. रबरच ते.

रूळ स्पिरिटने पुसला, फडक्यावर काळी पूड आली. चाकाच्या आसाला केसासारखा गुंडाळलेला दोरा होता तो चिमट्याने काढला. ओ-रिंग आणायला हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या सामानात गेले, तिथे सव्वाशे प्रकारच्या असतात आणि अगदी तशीच वाटणारी एक मिळाली, डॉलरच्याही आत. लावली, कागदावर रेघ मारली, मोकळी जागा गेली! मी बेसमेंटमधे एकटीच ओरडले. मग भोकं मोजली तर पुढे-मागे ५ इंचात ४७ आणि डावी-उजवी ५०. हे काय आता?

हे असं, की नवी रिंग जराशी जाड होती. चाकाचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागाने वाढला होता, म्हणजे परीघ सहा टक्क्यांनी, म्हणजे चाक एक फेरा मारेपर्यंत मशीन सहा टक्के जास्त सरकणार आणि रेग्युलेटर मात्र जुन्याच हिशोबाने टाके मारणार. पन्नासाचे सत्तेचाळीस. डोळ्याला हा फरक दिसतो का? वेलांट्यांमधे नाही दिसत खरं तर. पण सरळ चौकड्या शिवल्या तर आडवे टाके बारीक आणि उभे लांब दिसतात, आणि एकदा माहीत झाल्यावर मला तर सगळीकडे दिसायला लागले. शेवटी शिलाई मशीनचे पार्ट विकतात तिथून मोजमाप देऊन बरोबरची मागवली, पाच दिवसांनी आली, ५ इंचात ५०. चाक रुळावर दाबून धरणारी छोटी स्प्रिंग असते तीही बघितली, चाक बोटाने अडवून मशीन ढकललं तर चाक सहज घसरायला नको, जोर लागायला हवा.

एक प्रकार मिटला. दुसरा, भोक आहे पण टाका नाही आणि खालून पापण्या, तो होताच. त्यातला बराचसा मीच करून ठेवलेला होता म्हणून आधी स्वतःचा पसारा आवरला. ११०ची नवी सुई, खाच मागच्या बाजूला. बारीक सुईबद्दल एवढं सांगते, की घरच्या मशीनवर सुई सरळ वर-खाली होते पण लाँगआर्मवर सुई कापडात असतानाही आपण मशीन बाजूला ओढत असतो, त्यामुळे ती किंचित वाकते, आणि ९०ची तर बांबूच्या कामटीसारखी वाकते. वाकली की हुकच्या टोकापासून लांब जाते आणि फास सुटतो. त्यात मी वरचं टेन्शन एवढं आवळलेलं की दोराच सुईला ओढत होता. बॉबिन केस दोऱ्याने तळहातावर लटकवून बघितली, हात हलका झटकला की ती थोडी खाली यायला पाहिजे आणि थांबायला पाहिजे, माझी धाडकन खाली. स्क्रू पाव फेरा घट्ट. खालचं जमल्यावर मगच वरचं टेन्शन, सैलपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत, गाठ बॅटिंगच्या मधे बसेपर्यंत. वरच्या टेन्शनच्या चकत्यांमधून जाड दोरा दाताच्या फ्लॉससारखा फिरवला तर राखाडी लोकरीसारखा एक छोटा गोळा निघाला, तो किती दिवसांचा कुणास ठाऊक.

बाजूच्या पट्टीवर शिवून बघितलं. सुरेख. उलटून बघितलं, पाठही सुरेख. गोधडीवर गेले, मधोमध, उजवीकडे वर जाणाऱ्या वळणावर टाका सुटला.

इथे मी परत टेन्शनच्या स्क्रूकडे हात नेला आणि मागे घेतला, हे मला नोंदवायचंय.

मग टायमिंगची शंका आली, ती ओळखीतली बाई म्हणाली होती तेच. टायमिंग म्हणजे सुई तळापासून वर यायला लागते, दोऱ्याचा फास फुगतो, नेमक्या त्या क्षणाला हुकचं टोक सुईच्या खाचेतून, नेढ्याच्या जरा वरून जायला हवं. ते चुकलं तर टाके सुटतात हे खरं. पण मग ते बाजूच्या पट्टीवरही सुटले असते ना. तीच सुई, तोच हुक, तोच दोरा, एका फुटावर टाका सुंदर आणि इकडे सुटतोय, तर हुकने काय पट्टी बघून काम केलं? माझं मत विचाराल तर मेकॅनिकशिवाय टायमिंगचा स्क्रू सैल करणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा, आणि ज्याचा पुरावा नाही त्यासाठी तर मुळीच नाही.

पट्टी आणि गोधडी यात फरक काय? पट्टीवर नुसतं अस्तर आणि बॅटिंग, सपाट. गोधडीच्या मधे शिवणी, काठ, आणि मुख्य म्हणजे मागे गुंडाळलेला रोल. मी खाली वाकून कापडाच्या पातळीत डोळा नेला तर मशीनच्या प्लेटपासून कापड चांगलं अर्धा इंच वर तरंगत होतं. पहिल्या ओळीला रोलरवर काहीच नसतं. जसजसं काम होतं तसतसा रोल जाड होतो आणि कापड वर उचललं जातं, ते खाली घ्यायला रोलरच्या दोन्ही टोकांना सोय असते. मी पहिल्या ओळीला लावलेली उंची तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत तशीच ठेवली होती. साड्यांच्या तुकड्यांना शिवणी खूप, काठ दुहेरी, रोल नेहमीपेक्षा लवकर फुगला. कापड अधांतरी असलं की सुई वर येताना कापडालाही बरोबर वर आणते, मग फास नीट फुगत नाही, हुकला काही सापडत नाही. भरीला मी बाजूचे क्लॅम्प (कापड ताणून धरणारे चिमटे) असे ताणले होते की कापडावर टिचकी मारली तर ढोलकी वाजावी. एवढं ताणायचं नसतं, खालून बोटाने ढकललं तर बोटाचा आकार वरून धरता यायला हवा इतपत ढिलं हवं.

रोलर खाली घेतला, प्लेटच्या वर कापड जेमतेम राहील इतका. क्लॅम्प ढिले केले. सुईभोवतीच्या, कापड दाबणाऱ्या पायाची उंची बघितली, सुई खाली असताना पायाखाली एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी. त्याच वळणावर परत गेले. धरला.

पण मग एक प्रश्न राहतो, आणि तो नवऱ्याने विचारला त्याच्याआधी मला पडला होता हे मी लिहून ठेवते. ओ-रिंग तर पहिल्यापासून खराब होती. मग पहिल्या दोन ओळी चांगल्या कशा? मी सगळ्यांना छातीठोक सांगत होते, पहिल्या दोन ओळी एकदम नीट आहेत, तिसरीपासून बिघडलं. मैत्रिणीला सांगितलं, मेकॅनिकला सांगितलं, आईला सांगितलं. रोल उलटा सोडवून दिव्याखाली बघितलं. चांगल्या नव्हत्याच. त्या ओळींमधे गडद निळ्या साड्या होत्या आणि माझा दोरा निळा, लांब टाका दिसतच नव्हता. तिसऱ्या ओळीत तिच्या आईची मोतिया रंगाची साडी आली आणि त्याच निळ्या दोऱ्याने चहाडी केली. म्हणजे लांब टाके पहिल्यापासून, सुटलेले टाके तिसऱ्या ओळीपासून, आणि मला दोन्ही एकाच दिवशी दिसले म्हणून मी एकच आजार समजले. टाका बघायचा असेल तर कापडाच्या उलट्या रंगाचा दोरा घालून बाजूला आधी बघायचा, हे मी दुसऱ्यांना दहादा सांगितलेलं आहे.

तर उसवणं आलं. सव्वातीन ओळी. वरून नाही उसवायचं, पाठीमागून दर चौथा-पाचवा टाका कापत जायचं आणि मग वरचा दोरा ओढला की लांब लांब निघून येतो, खालचे तुकडे चिकटपट्टीने टिपायचे. नव्या कापडावर हे कंटाळवाणं असतं, विरलेल्या साडीवर जीव मुठीत धरून करावं लागतं. दोन ठिकाणी सूत तुटलं. मैत्रिणीला फोन केला, खरं काय ते सांगितलं, ती गप्प राहिली आणि मग म्हणाली आईच्या साड्या तशाही फाटायच्या, ती रफू करायची. त्या दोन जागांना मी हाताने रफू केलं, धावदोऱ्याने, तिथे मशीन नेलंच नाही. इथून दीड-दोन तासांवर होम्स काउंटीत आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, तिथल्या बायकांचं हाताचं क्विल्टिंग एकदा जवळून बघितलेलं, इंचाला आठ-नऊ टाके आणि एकही वेगळा नाही, रेग्युलेटर नाही की काही नाही. रफू करताना सारखं तेच डोळ्यासमोर येत होतं आणि माझे टाके काही त्यांच्यासारखे येईनात.

उसवल्यावर भोकांच्या रांगा राहतात. त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि नखाने आडवं-उभं घासायचं, सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि भोक बऱ्यापैकी मिटतं. मोतिया साडीवर अगदी सगळी मिटली नाहीत. दिव्यासमोर धरली तर अजून दिसतात.

परत शिवायला दोन संध्याकाळी लागल्या. दर ओळीला रोलर खाली घेतला का, हे विसरू नये म्हणून फ्रेमच्या पायाला चिकटपट्टी लावून खूण करत गेले. ११ मार्चला गोधडी गेली. आईला फोटो पाठवले तर तिने पाठीचा फोटो मागितला, पुढचा बघितलाच नाही.

मेकॅनिक ठरल्याप्रमाणे आला, टायमिंग बघितलं, ठीक आहे म्हणाला, पैसे घेऊन गेला. जाताना दुसऱ्या चाकाची ओ-रिंगही दाखवली त्याला, ती अजून गोल आहे पण कडक झालीये, मी दोन्ही एकदम मागवायला हव्या होत्या. ती आता मागवलीये. आणि फ्रेमच्या उजव्या टोकाला मशीन हात सोडला की आपोआप दोन इंच घरंगळतं, तिथली फरशी खाली आहे, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा सरळ सांगतोय. त्या टोकाच्या पायाखाली पाचर द्यायची बाकी आहे, ती दिल्याशिवाय नवं काम चढवणार नाही.